विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारी बानू

कोंडीबा बंडगर घोड्यावर बसला की आधी काहीच करत नसे. आणि हे काहीच न करणं बघून माणसं वैतागायची. लगाम ढिला, पाय रिकिबीत सैल, नजर लांब कुठल्या तरी बाभळीवर, आणि खालचं जनावर नुसतं उभं. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा पेंगला. मग केव्हातरी त्याची पोटरी घोड्याच्या बरगडीला लागायची, इतकी हलकी की शेजारच्या माणसाला दिसायचीही नाही, आणि घोडं चालू लागायचं. झालं, एवढंच. ह्या एवढ्याशा गोष्टीला त्याचं वर्ष जायचं. आणि ह्या एवढ्याशा गोष्टीवर त्याचा जितका जीव होता तितका बायकोपोरांवर नव्हता, असं त्याची बायको सोनाबाई चारचौघांत सांगायची. खोटं नव्हतं ते.

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की वळसंगच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मोठी कमान दिसते. आत हिरवळ, झोपाळे, एक निळा हौद ज्यात कुणी पोहत नाही, आणि पाठीमागं पत्र्याची पागा. हे नंदीशअप्पांचं फार्महाऊस. अप्पा बिल्डर. प्लॉट पाडून पाडून हात मोकळे झाले तसं अप्पांना घोड्यांचं वेड लागलं. वेड म्हणजे काय हो, चार मोठ्या माणसांत बसल्यावर फोनमधून दाखवायला काहीतरी लागतं. कमानीवर रायडिंग स्कूलची पाटी लागली आणि कोंडीबाला तिथं मास्तर म्हणून ठेवलं. मास्तर हे नाव. लीद काढणं, खरारा करणं, कडबा टाकणं, हेही मास्तरांनीच करायचं.

कोंडीबा जातीचा धनगर. लहानपणी मेंढरांच्या मागं गावोगाव हिंडलेला. धनगराच्या बिऱ्हाडात घोडी म्हणजे चालतं घर असतं. भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या, काल जन्मलेलं कोकरू आणि त्याच्या शेजारी बांधलेलं पोर, सगळं तिच्या पाठीवर. भोवती मेंढरं ओरडतायत, कुत्री भुंकतायत, आणि घोडी मात्र हाकणाऱ्या बाईच्या हाताकडं लक्ष ठेवून चालते. कोंडीबा असाच आईच्या घोडीवर वाढला. पुढं चराईची रानं प्लॉटिंगमध्ये गेली, मेंढरं विकली, आणि हाताला घोड्यांचं काम तेवढं उरलं. लोकांची शिंगरं तो शिकवून द्यायचा. पण शिकवलेलं घोडं मालकाच्या हाती गेलं की महिन्याभरात नासायचं. कुणी ते शर्यतीला जुंपायचा, कुणी हलगीवर नाचवायचा. परत कधी दिसलं तर तोंड फाटलेलं, डोळे भेदरलेले. म्हातारपणी कोंडीबाला एकच लागून राहिलं होतं. एक तरी जनावर आपण शिकवलं तसं शेवटपर्यंत राहावं.

आणि अशात बानू आली.

अप्पांनी ती अकलूजच्या बाजारातून आणली. अंगानं काळीभोर, चारी पाय गुडघ्याखाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी. शकुनाचं जनावर. उतरवून घेतली त्याच दिवशी श्रीमंत येऊन दारात उभा. हा श्रीमंत म्हणजे सोलापुरात लग्नाला बँड आणि घोडी पुरवणारा. नावाप्रमाणं होण्याच्या फार मागं असलेला माणूस. मागाल ते देतो म्हणाला. अप्पा तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाले, की ही माझ्या प्रियूची घोडी, हिच्यावर नवरदेव बसणार नाही. प्रियू म्हणजे त्यांची मुलगी प्रियदर्शनी, पुण्याला इंजिनिअरिंगला. कागदावर घोडीचं नाव क्वीन पडलं. कोंडीबानं तिचं नाव बानू ठेवलं, आणि अप्पांचा तो शब्द पदराला गाठ मारून ठेवावा तसा जपून ठेवला. भोळा म्हणा, नाहीतर वेडा म्हणा.

घोड्याला पळायला शिकवावं लागत नाही, ते उपजत येतं. शिकवावी लागते ती वाट बघायची रीत. कोंडीबा बानूवर बसून मोकळ्या रानाच्या तोंडाशी उभा राहायचा. समोर हिरवागार मका. बानू निघायचीच. निघाली की ओरडणं नाही, हिसका नाही. तिला अलगद फिरवून आणायचं आणि परत त्याच जागी उभं करायचं. परत निघाली, परत आणली. ऊन डोक्यावर यायचं. फाटकावरचा वॉचमन म्हणायचा, मामा घोडं शिकवताय का पोर झोपवताय? कोंडीबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. असे किती दिवस गेले कोण जाणे. मग एका सकाळी बानूनं पाऊल टाकायच्या ऐवजी एक कान मागं वळवला. म्हातारा ह्याच्याचसाठी तर बसला होता. कान मागं वळला म्हणजे घोडं विचारतंय, जाऊ का? त्याच घडीला त्यानं पोटरी लावली आणि बानू चालली. त्या दिवशी घरी येऊन त्यानं सोनाबाईला हे इतकं रंगवून सांगितलं, की तिची भाकरी तव्यावर करपली आणि वर तिनं त्याला चार शिव्या घातल्या.

पुढं सगळं सोपं होत गेलं. पोटरी लागली की चालायचं, दोन्ही मांड्या आवळल्या की दुडकी धरायची, बसणारानं श्वास सोडून अंग जड केलं की थांबायचं. प्रियू रस्त्याकडेनं फिरवणार म्हणून त्यानं तिला ट्रॅक्टर, ट्रक, हॉर्न, कुत्री, सगळ्यांत उभं राहायला लावलं. कुठलाही आवाज हा हुकूम नाही. हुकूम फक्त पाठीवरून येतो, हे तिच्या डोक्यात पक्कं बसवलं. दिवाळीच्या सुट्टीत प्रियदर्शनी आली. कोंडीबानं तिला दोन दिवस नुसतं गप बसायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी पोरीनं पोटरी लावली आणि बानू चालली, तेव्हा ती लहान लेकरासारखी हसली. मामा, हिला माझं मनातलं कळतं, म्हणाली. कोंडीबाचा ऊर भरून आला. संपलं काम, राहिलं आपलं जनावर, असं त्याला वाटलं.

आणि इथंच म्हाताऱ्यानं माती खाल्ली.

बंडगरांच्या घरात रीत अशी, की जनावर शिकून तयार झालं की बिरोबासमोर उभं करायचं, कपाळाला भंडारा लावायचा, मगच दुसऱ्याच्या हाती द्यायचं. देवाला दाखवलं की शिकवलेलं टिकतं. कोंडीबा बानूला आपल्या वाडीतल्या बिरोबाच्या जत्रेला न्यायला निघाला. सोनाबाई म्हणाली, न्यायचंच तर पहाटे ने, ढोल वाजायच्या आधी. भंडारा लाव आणि गुमान माघारी आण. हो म्हणाला. पण पहाटे देवळात कुत्रं नसतं, आणि कोंडीबाला माणसं पाहिजे होती. भावकीतले लोक त्याला अप्पांची लीद काढणारा म्हणायचे. त्या लोकांना त्याला बानू दाखवायची होती. भर दुपारी, धनगरांच्या गजी नाचाचे ढोल ऐन रंगात आले असताना, हा बहाद्दर घोडीवर बसून रिंगणात शिरला.

ते गजीचे ढोल ज्यांनी ऐकलेत त्यांना सांगायला नको. छातीत घुमतात. पन्नासेक माणसं रुमाल उडवत गोल नाचतायत, वरून मूठमूठ भंडारा उधळला जातोय, सगळं रान पिवळं. त्या मधोमध बानू उभी. लगाम तिच्या मानेवर सैल टाकलेला आणि कोंडीबाचे दोन्ही हात देवाला जोडलेले. ढोल वाजवणारे मुद्दाम जवळ येऊन वाजवू लागले. घोडीची कातडी थरथरत होती, पण पाय जागचा हलला नाही. फक्त कान मागं, म्हाताऱ्याकडं. मग त्यानं पोटरी लावली आणि ती शांतपणे देवळाच्या पायरीपर्यंत चालत गेली. लोकांनी चांगभलं केलं. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाया पडून घेतलं. कोंडीबाला आभाळ ठेंगणं झालं.

गर्दीत श्रीमंत होता. लग्नसराईसाठी ढोलवाले ठरवायला आला होता. त्यानं सगळं फोनमध्ये घेतलं आणि त्याच संध्याकाळी अप्पांना दाखवलं. लग्नातली घोडी म्हणजे मोठी जोखीम. डीजे लागला, फटाके उडाले की बिथरते, नवरदेव पडतो, मग हाणामारी. आणि ही घोडी बघा म्हणाला, आभाळ कोसळलं तरी हलत नाही. वर पंचकल्याणी.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच अप्पा पागेत आले. पाहुण्यातलं लग्न आहे, एकच परण्या आहे म्हणाले. परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या देवळात जातो, तो. कोंडीबानं चाचरत त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. अप्पा हसले. शब्द कुठं मोडतोय, घोडी प्रियूचीच आहे, पण प्रियू पुण्यात आहे तोवर तिनं उभं राहून काय करायचं? असं गोड बोलले की नोकर माणसानं पुढं काय बोलावं? मीपण संगं येतो, एवढंच कोंडीबा म्हणाला.

त्या परण्यात त्यानं जे पाहिलं ते त्याच्या डोळ्यांपुढून पुढं कधी हललं नाही. नवरदेव अंगानं आडवा, जन्मात घोड्यावर न बसलेला. पाय रिकिबीत पुरेनात, ते लोंबकळत बानूच्या बरगड्यांवर आपटायला लागले. पाय लागला म्हणजे चल, हे बानूला ठाऊक. ती चालली. पुढं लगाम धरलेल्या श्रीमंतच्या माणसानं तोंडाला हिसडा मारला, थांब. थांबली. परत नवरदेवाची टाच लागली. परत चालली, परत हिसडा, आणि ह्या खेपेला मानेवर काठी. घोडी दर वेळी बरोबर होती हो! चुकत होती ती माणसं, आणि मार ती खात होती. कोंडीबा नवरदेवाला खालून विनवत राहिला, पाय हलवू नका मालक, पाय लागला की तिला वाटतंय चला म्हणताय. डीजेत ऐकतंय कोण. नवरदेवाच्या दोस्तांनी मग मुद्दाम तिच्या बरगड्यांत गुद्दे घातले, चालते का बघू म्हणून. कोंडीबानं एकाची गचांडी धरली. त्यानंतर श्रीमंतनं अप्पांना कळवलं, की म्हातारा गिऱ्हाइकांशी भांडतो, त्याला पाठवू नका.

एकाचे दोन झाले, दोनाची अख्खी सराई झाली. रोज टेम्पो यायचा. बार्शी, दुधनी, कुठं कुठं घोडी जायची. पागेत परत यायची तेव्हा अंगावर चमकीचे कागद चिकटलेले, जबड्याच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं. कोंडीबा कोमट पाण्यानं तोंड पुसायचा, हळद भरायचा. सुरुवातीला बानू त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवायची. नंतर नंतर तिनं तेही सोडलं. एकदा त्यानं तिच्यावर बसून बघितलं. लगाम ढिला सोडला आणि वाट बघत राहिला. कान मागं वळलाच नाही. पोटरी लावली. बानू तशीच उभी. पोटरी लागते म्हणजे काहीतरी म्हणतात, हे ती ऐकेनाशी झाली होती. बिचारीनं दुसरं काय करावं? जे ऐकून दर वेळी मारच बसतो ते कुणी कशाला ऐकेल? कोंडीबा खाली उतरला आणि लीदेत फतकल मारून बसला. धाय मोकलून रडला असता, पण वॉचमन बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो अप्पांच्या बंगल्यावर गेला. घोडी नासली म्हणाला. अप्पा चहा पीत होते. नासली कशी, श्रीमंत तर म्हणतो अशी शांत घोडी जिल्ह्यात नाही, नुसती पुतळ्यासारखी उभी राहते. तुम्हीच शिकवलंत की मामा, असं अप्पा कौतुकानं म्हणाले. तेव्हा कोंडीबा आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या नजरेला नजर देऊन बोलला.

"म्या तिला नुसतं हुबं ऱ्हायला न्हाय शिकिवलं, अप्पा. इचारायला शिकिवलं. ती इचारती आन् कुणी तरी सांगतं, एवढाच तिचा आन् माजा येव्हार व्हता. तुमच्या लग्नात तिला कुणी काय सांगितलंच न्हाय. नुसतं मारलं. आता ती इचारत न्हाय."

अप्पांना ह्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण माणूस तसा वाईट नव्हता, निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती. त्यांनी तोड काढली. रविवारी प्रियू सुट्टीला येतेय. तिच्यासमोर बसा आणि चालवून दाखवा. चालली तर लग्नं बंद, घोडी प्रियूची. नाही चालली तर पोरीच्या काय कामाची? मग श्रीमंतला कायमची देऊन टाकतो. कोंडीबानं मान डोलवली. रविवारपर्यंत बानूला लग्नं नकोत, एवढं तरी त्यानं मागायला हवं होतं. ते सुचलं तेव्हा तो वळसंगच्या पुलावर पोचला होता.

शनिवारी बानू परण्यात होतीच. रविवारी सकाळी अप्पा, प्रियदर्शनी आणि श्रीमंत हिरवळीवर खुर्च्या टाकून बसले. श्रीमंतचा टेम्पो कमानीत लावलेला. दुपारी एक लग्न होतं, निकाल कसाही लागला तरी ते ठरलेलं होतं म्हणे. कोंडीबानं जुनं खोगीर घातलं, बानूच्या मानेवरून हात फिरवला आणि वर बसला.

लगाम ढिला सोडला. वाट बघितली. ऊन चढत होतं. कान पुढंच, मेल्यासारखे. त्यानं पोटरी लावली. काही नाही. श्वास घेऊन अंग हलकं केलं, परत लावली. काही नाही. प्रियदर्शनी खुर्चीतून पुढं सरकली आणि हळूच बानू, बानू म्हणाली. कोंडीबा वाकून घोडीच्या मानेशी काहीतरी पुटपुटत राहिला. आईच्या घोडीला त्याची आई जे म्हणायची तेच असावं. बानू उभी. अप्पांनी घड्याळाकडं बघितलं. श्रीमंत उठून पँट झटकू लागला आणि म्हणाला, चला, मग ठरलं. ठरलं म्हणजे बानू गेली. रोज, सगळी सराई, सगळा जन्म. त्यानं टाच मारली. बानूच्या अंगावरची माशीसुद्धा उडाली नाही. मग त्यानं लगामाची मोकळी दोरी दुहेरी केली, हात मागं नेला आणि होता नव्हता तेवढा जोर काढून तिच्या पुठ्ठ्यावर ओढली.

बानू चालली.

गोल चालली, हिरवळीच्या कडेनं, मान खाली घालून, भाड्याच्या घोड्यासारखी. प्रियदर्शनीनं म्हाताऱ्याकडं एकदा बघितलं, आणि उठून घरात गेली. नंतर तिनं अप्पांना सांगितलं म्हणतात, की मारल्यावर चालणारी घोडी मला नको, मला स्कूटी घ्या. अप्पा मात्र खूश झाले. टाळी वाजवून उठले.

"चालतीय की मामा. मग नासलं काय? लग्नाला जाऊनबी चालतीय म्हणल्यावर लग्नं कशाला बंद करायची?"

कोंडीबा घोडीवर बसून राहिला. ही चालली नाही, ही मारानं हलली, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण मारलं कुणी? सगळ्यांदेखत त्याच्याच हातात दोरी होती. तो म्हणाला, व्हय अप्पा. श्रीमंतनं टेम्पोच्या मागची फळी खाली टाकली आणि मामा, आता बसलाच आहात तर इथवर आणून सोडा, असं हाक मारून सांगितलं.

कोंडीबा तिला टेम्पोपर्यंत घेऊन गेला. फळीपाशी बानू थांबली. म्हातारा थोडा वेळ तिच्या कानांकडं बघत राहिला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, उशीर होतोय म्हणून. कोंडीबानं परत दोरी मारली आणि बानू वर चढली.